हजेरीपटावरील मूल आणि शिक्षकाची पदवी



प्राथमिक शाळेतील शिक्षकाला पदवी हवी कशाला, हा प्रश्न महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतून अनेक वर्षे सहजपणे विचारला गेला. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एड. पदविका घ्यावी, जिल्हा परिषदेत नेमणूक मिळवावी आणि गुरुजी व्हावे; ज्याला त्याहून पुढे जायचे असेल त्याने बी.ए., बी.एस्सी. करून बी.एड. व्हावे व माध्यमिक शाळेत जावे, अशी ही रुळलेली वाट होती. मूल जितके लहान, तितके त्याच्या शिक्षकाचे शिक्षण कमी, असा हा उलटा हिशेब. कोवळ्या रोपासाठी शिकाऊ माळी आणि वाढलेल्या झाडासाठी निष्णात माळी नेमण्यातलाच हा प्रकार. डी.एड. झालेल्या गुरुजींनी खेडोपाडी केलेल्या कामाचे मोल यामुळे तिळमात्र कमी होत नाही. त्यांनी जे केले ते पदविकेच्या आधारे थोडे आणि स्वतःच्या तळमळीने फार केले. परंतु तळमळीवर एखादा शिक्षक उभा राहतो, शिक्षणव्यवस्था उभी राहत नाही. फिनलंडने १९७९ साली पहिलीच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरविली, तेव्हा त्यामागे हाच विचार होता.

आज या प्रश्नाला एक नवी धार आली आहे. वर्गात कोण बसणार, याचे उत्तर कायद्याने बदलले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश केला. त्याच कायद्यात समावेशक शिक्षणाची व्याख्या आहे. दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतील, असे तिचे पहिले अंग. शिकविण्याची आणि शिकण्याची पद्धत निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या गरजांना जुळेल अशी बदलली जाईल, हे दुसरे. पहिले अंग अमलात आणायला एक परिपत्रक पुरते. दुसऱ्यासाठी शिक्षक घडवावा लागतो, आणि तिथेच सारे घोडे अडले आहे.

इतिहासाकडे पाहिले तर हे अडणे नवे नाही. दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची केंद्र सरकारची पहिली योजना १९७४ सालची. तिचे नाव 'एकात्म शिक्षण' असे होते. मुलाला आधी थोडे तयार करावे, साहित्य द्यावे आणि मग त्याने शाळेशी जुळवून घ्यावे, असा तिचा रोख होता. समावेशक शिक्षणात जुळवून घेण्याचे ओझे मुलाकडून शाळेकडे सरकते. कागदावर शब्द बदलला, योजना बदलल्या, २०१८ साली त्या 'समग्र शिक्षा' या एका छत्राखाली आल्या. वर्गातला फळा मात्र त्याच भिंतीवर आणि शिक्षक त्याच जागी उभा राहिला.

याचा परिणाम काय होतो? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने प्रत्येक मुलाला प्रवेशाचा हक्क दिला आणि आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असा नियम केला. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात राज्यांना काही मोकळीक मिळाली. नियमाचा हेतू उदात्त होता, पण त्यातून एक नवे मूल जन्माला आले. त्याला हजेरीपटावरील मूल म्हणता येईल. ते रोज येते, 'हजर' म्हणते, पोषण आहार घेते, दरवर्षी पुढच्या वर्गात जाते आणि सहावीत गेले तरी त्याला दोन ओळी वाचता येत नाहीत. त्याला कोणी रागावत नाही, कोणी हाकलत नाही. शिक्षक प्रेमळ असतात. फक्त त्याला शिकवायचे कसे, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. शाळेबाहेर राहिलेले मूल निदान सर्वेक्षणात सापडते. हे मूल कोणत्याही यादीत उणे दिसत नाही.

२००७ साली 'तारे जमीं पर' हा चित्रपट आला तेव्हा चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या पालकांचे डोळे ओले होते. त्या कथेतल्या निकुंभ सरांना ईशानची अडचण कळते, याचे एक कारण म्हणजे ते स्वतः लहानपणी त्यातून गेलेले असतात. कथेसाठी ते सुंदर आहे. पण ईशानच्या आधीच्या शाळेत इतके शिक्षक होते, त्यांपैकी एकालाही ते का कळले नाही, हा खरा प्रश्न चित्रपटगृहातच राहिला. ज्याने स्वतः भोगले तोच शिकवू शकेल अशी अट घातली, तर देशातील लाखो वर्गांना शिक्षक कोठून आणायचे? ते ज्ञान प्रशिक्षणातूनच यायला हवे.

आता हे ज्ञान म्हणजे नेमके काय, ते थोडे बारकाईने पाहू. वाचनात अडखळणाऱ्या मुलाविषयी जे साहित्य शिक्षक-प्रशिक्षणात फिरते, त्यातले पुष्कळसे इंग्रजी मुळाक्षरांच्या आधारे लिहिलेले आहे. इंग्रजीतील 'बी' आणि 'डी' यांची उलटापालट हे त्यातले ठरलेले उदाहरण. मराठी वाचणाऱ्या मुलाची अडचण वेगळ्या जागी असते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात ती नंतर येते; डोळा एका क्रमाने जातो, कान दुसऱ्या. रफाराचे त्याहून कठीण. 'गर्व' या शब्दात र आधी ऐकू येतो, पण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. एकाच 'र'ची रूपे तरी किती! 'सूर्य' मध्ये तो वर, 'चक्र' मध्ये पोटात, 'राष्ट्र' मध्ये पायाशी आणि 'दुसऱ्या' मध्ये पापणीसारखा आडवा. ज्या शब्दाचा आपण इतक्या अभिमानाने उच्चार करतो, तो 'राष्ट्र' हा शब्द वाचताना तिसरीतल्या मुलाची किती दमछाक होते, याची मोठ्यांना कल्पनाही नसते. शिवाय घ आणि ध, भ आणि म, प आणि ष या जोड्या आहेतच.

हे ठाऊक असलेला शिक्षक काय करतो? तो जोडाक्षर पाठ करून घेत नाही. शब्द आधी कानाने फोडतो, टाळी वाजवून त्याचे तुकडे करतो, मग कोणता आवाज आधी आला ते मुलाकडून काढून घेतो आणि शेवटी तो आवाज फळ्यावर कोठे बसला ते दाखवितो. घ आणि ध एकाच दिवशी शिकवीत नाही. एक पक्का झाल्यावर बऱ्याच दिवसांनी दुसरा आणतो. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळते, परीक्षेत सवलतीही मिळतात. पण प्रमाणपत्र अडचणीचे नाव सांगते. सोमवारी सकाळी अकरा वाजता भाषेच्या तासाला काय करायचे, हे वर्गशिक्षकालाच ठरवावे लागते. आणि खेड्यातल्या मुलापर्यंत तर ते प्रमाणपत्रही सहसा पोहोचत नाही.

इतर अडचणींचेही तसेच. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसविले की कर्तव्य संपले असे मानले जाते. पण शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागला की त्याचे ओठ दिसेनासे होतात आणि ते मूल वर्गातून मनाने बाहेर जाते. कमी दिसणाऱ्या मुलाला खिडकीच्या समोर तोंड करून बसविले तर उजेडच त्याचा शत्रू होतो. मेंदूच्या पक्षाघातामुळे बोटे आवळलेल्या मुलाच्या पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळली तर ती त्याच्या मुठीत राहते. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावून दाखविला तर अचानक वाजणाऱ्या घंटेची त्याची भीती कमी होऊ शकते. या गोष्टी छोट्या आहेत. त्या कोणी तरी शिकविल्याशिवाय येत नाहीत, आणि वाचून तर मुळीच येत नाहीत.

मग पदवीच्या अभ्यासक्रमात यांना किती जागा आहे? राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे नियम केले आणि बी.एड. दोन वर्षांचे झाले. शाळेतील प्रत्यक्ष कार्य वीस आठवड्यांचे ठरले, हे स्वागतार्ह होते. 'समावेशक शाळेची निर्मिती' हा विषयही आला; परंतु परिषदेच्या आराखड्यात तो अर्धा विषय आहे. इतर प्रमुख विषय पूर्ण, आणि ज्या मुलासाठी सारी व्यवस्था बदलायची त्याचा विषय अर्धा. त्या अर्ध्यातही बहुतेक वेळ व्याख्या, कायद्यांची वर्षे आणि आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यांत जातो. १९९४ चा सालामांका जाहीरनामा पाठ असलेला पदवीधर मिळतो. ब्रेलची सहा टिंबे बोटाने चाचपून पाहिलेला क्वचितच मिळतो.

सराव पाठांचे स्वरूप तर अधिकच विचार करण्याजोगे. छात्राध्यापकाने रेखीव पाठ टाचण काढायचे, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे यांचे रकाने भरायचे, रंगीत तक्ते टांगायचे आणि निरीक्षक प्राध्यापक मागच्या बाकावर बसले असताना तास रंगवायचा. अशा तासाला प्रश्न कोणाला विचारला जातो? ज्याचे उत्तर बरोबर येणार त्याला. अडखळणारे मूल त्या तासापुरते अडचण ठरते. ज्याला शिकविण्यासाठी ही पदवी घ्यायची त्यालाच टाळायची सवय पदवी घेताना लागते, याहून मोठी विसंगती कोणती?

एक जुनी कथा येथे आठवते. पंचतंत्राच्या आरंभी अमरशक्ती राजाचे तीन पुत्र शास्त्राला पाठमोरे आहेत. दरबारी पंडित सांगतात की नुसत्या व्याकरणालाच बारा वर्षे लागतात. विष्णुशर्मा मुलांना मंद म्हणत नाही, बारा वर्षेही मागत नाही. तो पद्धत बदलतो, पशुपक्ष्यांच्या कथांतून नीतिशास्त्र मांडतो आणि सहा महिन्यांची मुदत स्वीकारतो. यावरून प्राचीन काळी सर्व काही होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ते राजपुत्र होते आणि त्यांच्यासाठी गुरू शोधला गेला, गावातल्या आंधळ्या मुलासाठी कोणी शोधला नाही. तरीही मूल शिकत नसेल तर पद्धतीची परीक्षा घ्यावी, हा विचार या भूमीला परका नाही, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

महाराष्ट्राला तर त्यासाठी इतके मागे जाण्याचीही गरज नाही. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. शहरातल्या बालमंदिराची सारी व्यवस्था तेथे निरुपयोगी ठरली. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. मुले गुरे घेऊन रानात जातात असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात गेली. अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर पुढे जे उभे राहिले, त्यात मुलाच्या शिक्षणाइतकाच मुलाला शिकविणाऱ्या बाईंच्या शिक्षणावर भर होता. 'समावेशक' हा शब्द तेव्हा कोणाच्या ओठी नव्हता.

ताराबाईंचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे. वर्गाबाहेर राहणारे मूल केवळ दिव्यांगच असते असे नाही. मेळघाटातले कोरकू मूल पहिलीत येते, तेव्हा त्याच्या घरची भाषा मराठीची बहीण तर सोडाच, दूरची नातेवाईकही नसते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. गुरुजींचे पहिले वाक्यच त्याला कळत नाही, आणि त्याच्या मौनाला बुद्धीचा दोष मानले जाते. ऊसतोडणीसाठी आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाचे वर्षाचे निम्मे पुस्तक गावातच राहते. पारध्याच्या मुलाकडे वर्ग ज्या नजरेने पाहतो, ती नजर हीच त्याची मोठी अक्षमता ठरते. पदवीच्या अभ्यासात यांचा उल्लेख 'वंचित घटक' या दोन शब्दांत आटोपतो.

अशा वेळी २०२३ च्या ऑगस्टमधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाकडे पाहावे लागते. २०१८ साली परिषदेने बी.एड. पदवीधरांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र ठरविले होते. नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम पुरा करण्याची अट होती. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्या तारखेपूर्वी नेमलेल्यांना पुढे संरक्षण मिळाले. अनेक घरांत या निकालाने निराशा पसरली, कारण पदवी मोठी असून पदविकेपुढे ती कमी ठरली असे वाटले. परंतु न्यायालयाने पदवीचा अपमान केलेला नाही. बी.एड. ही मोठ्या मुलांना विषय शिकविण्यासाठी आखलेली पदवी आहे. लहान मुलाला शिकविणे हे वेगळे शास्त्र आहे, एवढेच त्यातून ठामपणे पुढे आले. प्राथमिक शिक्षकाला पदवी हवीच, पण ती त्याच्या कामाची हवी.

अशी पदवी अगदीच नव्हती असे नाही. दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एल.एड. अभ्यासक्रम सुरू केला. त्यात मुलांचे प्रत्यक्ष निरीक्षण होते, नाट्य व हस्तकला होती, स्वतःच्या पूर्वग्रहांकडे पाहण्याच्या कार्यशाळा होत्या आणि अखेरच्या वर्षात शाळेतील दीर्घ कार्य होते. महाराष्ट्राने मात्र त्या वाटेने जाण्याऐवजी डी.एड. विद्यालयांचे पीक काढले आणि मागणी सरताच त्यांतली कितीतरी बंदही पडली. आता राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही किमान पात्रता असावी असे म्हटले आहे. पायाभूत, पूर्वतयारी, मध्य आणि माध्यमिक अशा टप्प्यांसाठी त्या पदवीच्या वेगवेगळ्या शाखा आहेत, ही त्यातली मोलाची गोष्ट. विशेष शिक्षणातील कौशल्ये सर्वसाधारण शिक्षकाला दुय्यम विशेषज्ञता म्हणून घेता यावीत, अशीही त्यात शिफारस आहे.

येथे विशेष शिक्षकांचा प्रश्न येतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे मानधनावर गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षकांनी हे काम कसेबसे पेलले. २०२४ साली राज्याने केंद्रनिहाय एक याप्रमाणे ४,८६० पदांना मान्यता दिली. ते योग्यच झाले. पण एका केंद्रात अनेक शाळा असतात. विशेष शिक्षक एका शाळेत आठवड्यातून एखादा दिवस पोहोचला तरी पुष्कळ. उरलेले दिवस मूल वर्गशिक्षकाचेच असते. 'ते विशेष शिक्षकांचे मूल आहे' हे वाक्य शिक्षककक्षात ऐकू आले की समजावे, समावेश दारापर्यंतच झाला आहे.

मध्यमवर्गीय पालकांच्या मनातील एका शंकेलाही उत्तर दिले पाहिजे. अशा मुलांमुळे इतरांचा अभ्यास मागे पडेल, असे ते उघड बोलत नाहीत, पण प्रवेशाच्या वेळी मनात धरतात. शिक्षक अप्रशिक्षित असेल तर ही भीती अगदी निराधार नाही. एका मुलाला शांत करण्यात तास जातो आणि दोघांचेही नुकसान होते. शिक्षक तयार असेल तर चित्र पालटते. जो शिक्षक एकच संकल्पना वस्तूने, चित्राने आणि शब्दाने अशी तिहेरी मांडतो, त्याचा लाभ हुशार म्हणविणाऱ्या मुलालाही होतो, कारण तेही पुष्कळदा न समजता पाठ करीत असते.

खरे तर असा शिक्षक महाराष्ट्रात आजही आहे, फक्त पदवीने त्याच्याकडे पाहिलेले नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडीवस्तीवरील द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तेथील गुरुजी एका गटाला बेरजेची कार्डे देतात, दुसऱ्याला वाचायला बसवितात, चौथीच्या मुलीला पहिलीच्या मुलाशेजारी बसवून त्याचे वाचन ऐकायला सांगतात आणि मधल्या वेळात नवा पाठ घेतात. सगळी मुले एकाच वेळी एकाच पानावर असतील, ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिलेली असते. समावेशक वर्गाचे सारे तंत्र याहून वेगळे काय आहे? आजच्या छात्राध्यापकाला सरावासाठी शहरातल्या चाळीस समवयस्क मुलांच्या वर्गात पाठविले जाते. त्याला दोन-तीन महिने अशा द्विशिक्षकी शाळेत आणि काही आठवडे एखाद्या अंध वा कर्णबधिर विद्यालयात ठेवले, तर अर्ध्या विषयातले सारे धडे त्याला प्रत्यक्ष दिसतील. मूल्यमापन रंगलेल्या तासाचे करू नये. एका अडखळणाऱ्या मुलाची वर्षभराची नोंदवही छात्राध्यापकाने ठेवावी; जूनमध्ये ते काय वाचत होते आणि मार्चमध्ये काय वाचते, यावर गुण द्यावेत.

शिक्षणसंस्था चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना यात थेट हात घालता येण्यासारखा आहे. अध्यापक महाविद्यालय आणि प्राथमिक शाळा एकाच संस्थेच्या आवारात असूनही दोघांच्या वेळापत्रकांची ओळख नसते, असे चित्र पुष्कळ ठिकाणी आहे. छात्राध्यापक कोणत्या शाळेत जातील, तेथे किती दिवस राहतील आणि त्यांच्याबरोबर प्राध्यापक जातील की नुसते हजेरीचे कागद जातील, हे बऱ्याच अंशी संस्थेच्या हाती आहे. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. एकात्मिक पदवीच्या पहिल्या तुकड्या देशभर २०२३-२४ मध्ये सुरू झाल्या. त्यांचा चार वर्षांचा काळ २०२७ साली पुरा होतो, आणि त्यांपैकी पायाभूत टप्प्याचे पदवीधर पहिलीच्या वर्गात जाऊन हजेरी घेतील.